व्हीसीडीवर आलेले जुने, कमी खर्चातले, कुणाला फारसे माहीत नसलेले चित्रपट तुम्ही पुन्हा शोधून पाहिले आहेत का? ते कुठे मिळतात?

मिळतात, पण माणसांकडे. माझ्याकडे असा एकच चित्रपट आहे आणि तोही अर्धा.

माझ्या मामांचं जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याला कॅसेट लायब्ररीचं दुकान होतं. आधी टीव्हीसकट व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्याने जायचा, मग सीड्या आल्या (गावात सगळे ‘शिडी’च म्हणायचे), मग मोबाइल आला आणि दुकान गेलं. दोन वर्षांपूर्वी गाळा रिकामा करताना पोटमाळ्यावरून तीन गोण्या निघाल्या. मामा म्हणाले, “भंगारवाल्याला दे, किलोवर घेईल.” मी त्या धुळ्याला घरी आणल्या. नवऱ्याचं तोंड आठवडाभर वाकडं होतं.

त्यातल्या बहुतेक सीड्या हिंदी सिनेमांच्या चोरट्या कॉप्या. थोडी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी, थोडे अहिराणी विनोदी कार्यक्रम. आणि एक पांढरी, बिनछापाची सीडी, तिच्यावर हिरव्या मार्करने फक्त ‘भाग २’ लिहिलेलं.

व्हीसीडी म्हणजे सिनेमा भरलेली सीडी. तिच्यावर साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन सीड्यांत तोडलेला असायचा. चित्रपटाचं नाव, कलाकारांची पाटी, सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलंच तर ते, सगळं पहिल्या सीडीत. माझा सिनेमा सुरू होतो तोच मुळी राजदूतवरचा एक माणूस कपाशीच्या शेतातून टेम्पोचा पाठलाग करतोय इथून. कोण आहे, का पळतोय, काही पत्ता नाही. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतलेला, त्यामुळे निम्मे संवाद वाऱ्याने खाल्लेत. खलनायकाचा अड्डा म्हणजे पारोळ्याचा भुईकोट किल्ला. हाणामारीच्या दोन सीनच्या मधे पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उडतात, कारण एडिटिंग लग्नाच्या शूटिंगवाल्याने केलंय आणि त्याच्या मिक्सिंगमध्ये तेवढंच होतं! हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा मात्र हिरोकडे लक्षच गेलं नाही, मी मागचं गाव बघत बसले. पिवळा पीसीओचा डबा, बसस्टँडवरचा रसवंतीवाला, आता पाडलेली एक वाड्याची भिंत.

साल कसं काढलं ते सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल. एका सीनमध्ये भिंतीवर कुस्त्यांच्या दंगलीचं पत्रक आहे. वर्ष फाटलंय, पण ‘रविवार, ता. ५ जानेवारी’ स्पष्ट वाचता येतं. ५ जानेवारीला रविवार १९९७, २००३ आणि २०१४ या वर्षी आला. १९९७ साली आमच्याकडे कोरी सीडी घरात बसून भरणारा कोणी नव्हता, २०१४ला पीसीओ उरला नव्हता. म्हणजे २००३, फार तर त्याच्या पुढे-मागे, जुनं पत्रक भिंतीवर राहिलं असेल तर.

असले सिनेमे आपल्या भागात का निघाले, याचं उत्तर मालेगावात आहे. मालेगाव नकाशात नाशिक जिल्ह्यात, पण आम्हा धुळेकरांना शेजारच्या घरासारखं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. प्रेक्षक म्हणजे यंत्रमागावर आठवडाभर राबून शुक्रवारी सुट्टी घेणारे कामगार. पुढे त्यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ या सिनेमाच्या शूटिंगवर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यात सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन बघायला मिळते. सुपरमॅन झालेले शफीक शेख तोंडाच्या कॅन्सरने गेले. २०२५ साली या मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी सिनेमाही आला. मालेगावला निदान नाव मिळालं. आजूबाजूच्या तालुक्यांत त्यांचं बघून ज्यांनी कॅमेरा उचलला, त्यांच्या सीड्या गोण्यांत गेल्या.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत ऑरलँडोच्या वाय. के. किम या तायक्वांदो शिक्षकाने १९८७ साली पदरचे पैसे घालून ‘मायामी कनेक्शन’ काढला, तो साफ पडला. कित्येक वर्षांनी एका थिएटरवाल्याने त्याची प्रिंट न बघताच ५० डॉलरला ऑनलाइन विकत घेतली आणि २०१२ साली तो पुन्हा गाजत लागला. आपल्याकडे ५० डॉलरची प्रिंट नसते, चार-पाच रुपयांची सीडी असते, आणि ती लवकर मरते.

म्हणून शोधायच्या आधी जपायचं बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. सीडी उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तिथला माल गेला. चकचकीत बाजूचे ओरखडे पॉलिश करता येतात, पण माहितीचा थर छापाच्या बाजूला, वरच्या लाखेच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून खरवडलेली सीडी परत येत नाही. आपण सगळे ती छाप खाली करून ठेवायचो, उलटं शहाणपण! व्हीसीडीतला सिनेमा ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाइल म्हणून असतो आणि कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरवर सरळ चालतो. पण व्हीसीडीला साध्या डेटा सीडीएवढी चूकदुरुस्ती दिलेली नसते, म्हणून थोडी खराब सीडी प्लेअरवर अडखळत का होईना चालते आणि कॉम्प्युटरवर कॉपी करताना मधेच अडकते. माझी नव्या लॅपटॉपवर तीनदा अडकली. शेवटी एका रिपेअरिंगवाल्याकडच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने कमी वेगात पूर्ण उतरवली.

व्हीएचएस कॅसेट असेल तर आधी झाकण उघडून रीळ बघा. पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, एक कॅसेट व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब करते आणि ते हेड पुढच्या दहा कॅसेट. हेड कोऱ्या नोटेने पुसायची आपली जुनी खोड सोडा.

आता कुठे शोधायचं. बाजारात किंवा ऑनलाइन वेळ घालवू नका, माणसं गाठा. लग्नाचे जुने शूटिंगवाले, कारण कॅमेरामनही तेच आणि एडिटरही तेच. जुने केबलवाले, कारण हे सिनेमे रात्री त्यांच्या लोकल चॅनेलवर लागायचे. आणि पडद्यावर दिसणारा कोणीही. मी मामांना सिनेमा दाखवला तर ते पाचव्या मिनिटाला ओरडले, “अगं, हा तर आपला टेलर आप्पा!”

आप्पा अजून मशीनवर बसतात. त्यांनीच सांगितलं की सगळ्यांनी वर्गणी काढून सिनेमा केला, ज्याची वर्गणी जास्त तो हिरो. आप्पांनी पैशांऐवजी कपडे शिवून दिले म्हणून त्यांना खलनायकाचा उजवा हात केलं. पहिल्या भागाची गोष्ट त्यांनी मला काज करता करता सांगितली. शेवटी म्हणाले, “मी तं पहिलाच भागमा मरी गऊ.”

मी म्हटलं, “आप्पा, मग दुसऱ्या भागात तुम्ही किल्ल्यात उभे कसे?”

त्यांनी दोरा तोडला, थोडा विचार केला. “तो मना भाऊ शे, पोरी.”

तुम्ही लिंक मागाल, म्हणून आधीच सांगते, मी हा सिनेमा कुठेही चढवलेला नाही. त्यात काम केलेल्या बाई आता गुजरातेत लेकाकडे असतात. फोनवर आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, “ताई, सुनेला माहीत नाही हो हे.” जुनं सापडलं की लगेच यूट्यूबवर टाकायचं, ही घाई मला पटत नाही. गाव ओळखीचं आहे, माणसं जिवंत आहेत. मी पेनड्राइव्हवर तीन कॉप्या केल्या, एक मामांना, एक आप्पांना, एक माझ्याकडे. आप्पा दुकानात शटर अर्धं ओढून बघतात.

पारोळा, अमळनेर, एरंडोल या बाजूच्या कुणाच्या माळ्यावर हिरव्या मार्करने ‘भाग १’ लिहिलेली पांढरी सीडी असेल, तर ती पुसू-बिसू नका, लॅपटॉपमध्ये घालू नका, मला इथे कळवा. मी गाडी काढून येते. आप्पांना आपण खरंच मेलो होतो का, एवढंच बघायचंय.