फ्लॅश थांबेल, पॉलिसीची मुदत थांबणार नाही

साताऱ्याजवळच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचं पत्र आलं आहे. नाव त्यांच्या विनंतीवरून गाळलं आहे. वय 33, घरी पत्नी आणि 4 वर्षांची मुलगी. वर्षाला 22 लग्नं, प्री-वेडिंग धरून एका कामाचे सरासरी 45 हजार. त्यांचा प्रश्न असा: ‘गोडॉक्सचा एडी 600 प्रो फ्लॅश, ऑक्टाबॉक्स (प्रकाश मऊ करणारा मोठा सॉफ्टबॉक्स), स्टँड आणि ट्रिगर असा सेट 95 हजारांना नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. शिवाय रिटचिंगच्या 8 प्लग-इनचा (फोटोशॉपला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरचा) लाइफटाइम संच 60 हजारांना आहे, ऑफर रविवारपर्यंत. दोन्ही घेऊ की एकच? नवा फ्लॅश आला की प्री-वेडिंगला 10 हजार जास्त सांगता येतील. येत्या सीझनचे साडेतीन लाख ॲडव्हान्स जमा आहेत. बचतीचं टेन्शन नाही, 3 आठवड्यांपूर्वीच पत्नीच्या मामांकडून गॅरंटीड इन्कमची पॉलिसी घेतली. वर्षाला 1 लाख 20 हजार असे 10 वर्षं भरायचे, 13व्या वर्षापासून 10 वर्षं दरसाल 2 लाख 40 हजार मिळणार. पैसे दुप्पट. पहिला हप्ता ॲडव्हान्समधून भरला.’

हे उत्तर तुम्हाला आधीच ई-मेलने पाठवलं आहे, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची तारीख रविवारची नाही. पॉलिसीची कागदपत्रं हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. ‘फ्री लूक’ची ही मुदत विमा नियामकानेच दिलेली आहे. तुमचे 3 आठवडे गेले, म्हणजे जेमतेम आठवडाभर उरला. आधी ते काम करा, फ्लॅश नंतर.

आता ‘दुप्पट’ म्हणजे काय ते बघू. तुम्ही 10 वर्षांत 12 लाख भरणार आणि पुढे 24 लाख घेणार. भरलेला प्रत्येक रुपया सरासरी 12 वर्षं तिथे अडकून राहतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की ढोबळ व्याजदर निघतो. 12 वर्षांत दुप्पट म्हणजे 72 भागिले 12, वर्षाला साधारण 6 टक्के. पीपीएफचा दर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे. तिथे वर्षाला किमान 500 रुपये भरले तरी खातं चालू राहतं, आणि चांगल्या वर्षी दीड लाखापर्यंत भरता येतात. ज्याचं उत्पन्न लग्नाच्या तिथींवर अवलंबून आहे, त्याला ही सवलत सुमारे एक टक्क्याच्या फरकापेक्षाही मोलाची आहे. अधिक मासाचं वर्ष आलं, तिथी कमी निघाल्या, तरी पॉलिसीचा हप्ता 1 लाख 20 हजारच राहणार.

विम्याचं काय? अशा पॉलिसीत जीवनविमा साधारण हप्त्याच्या दहापट असतो, म्हणजे 12 लाख. तुमच्या घरखर्चाला ते पावणेचार वर्षं पुरतील. तोवर मुलगी दुसरी-तिसरीत असेल. एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवनविमा, निर्व्यसनी माणसाला तुमच्या वयात वर्षाला 12 ते 15 हजारांच्या आसपास पडतो. आरोग्य विम्याचा तर तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. रात्री दोन वाजता वरात शूट करून घाटातून गाडी चालवत घरी येणाऱ्या माणसाला लाखभराची पॉलिसी विकणाऱ्याने आधी हे दोन प्रश्न विचारायला हवे होते. मामा असो की परका, त्यात फरक पडत नाही.

‘दोन वर्षांनी पॉलिसीवर कर्ज काढून नवा कॅमेरा घे’ असंही मामा म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. म्हणजे स्वतःचेच पैसे व्याज भरून परत घ्यायचे. हा सल्ला मनातून काढून टाका.

करायचं ते असं. कंपनीच्या शाखेत स्वतः जा, अटी मान्य नसल्याने फ्री लूकमध्ये पॉलिसी परत करत असल्याचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. त्याच दिवशी ई-मेलही करा. मामांच्या हाती अर्ज देऊ नका. ते मुद्दाम अडवतील असं नाही, पण ‘बघू, बोलतो’ म्हणण्यात आठ दिवस सहज जातात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किंमत कापून बाकी रक्कम परत येईल. मुदत टळली तर पुढे बाहेर पडताना भरलेल्या पैशातला मोठा भाग जाऊ शकतो. घरात बोलणं अवघड आहे हे मला समजतं. पत्नीला आधी हा 6 टक्क्यांचा हिशेब दाखवा. मामांशी त्या बोलल्या तर जास्त बरं.

दुसरी चूक पहिलीइतकीच मोठी आहे. साडेतीन लाखांना तुम्ही ‘जमा’ म्हणता, पण ती अजून न केलेल्या कामाची रक्कम आहे. तुमच्याच आकड्यांनी वर्षाला सुमारे 9.9 लाख येतात. दुसरा फोटोग्राफर, व्हिडिओवाला, अल्बम प्रेस आणि प्रवास यांत साडेपाच लाख जातात. म्हणजे ॲडव्हान्सच्या साडेतीन लाखांतले सुमारे एक लाख चौऱ्याण्णव हजार इतरांचे आहेत. उरलेल्यातून सीझनभर घर चालायचंय. एखादं लग्न मोडलं किंवा पुढे गेलं तर पैसे परत द्यावे लागतील, ते निराळेच. वर्षाचा 3 लाख 20 हजारांचा घरखर्च वजा केला की तुमच्याकडे शिल्लक राहते 1 लाख 20 हजार. ती सगळी पॉलिसीने उचलली. मग फ्लॅशचा महिन्याचा 8 हजारांचा हप्ता तुम्ही कशातून भरणार होतात? पुढच्या वर्षीच्या ॲडव्हान्समधून. हे चक्र एकदा सुरू झालं की एका पडेल सीझनला अल्बम प्रेसवाला दारात उभा राहतो. ॲडव्हान्ससाठी वेगळं खातं उघडा आणि काम पूर्ण होईल तशी आपली मजुरी त्यातून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न.

600 वॉट-सेकंदांचा फ्लॅश भर दुपारच्या उन्हात, मोठ्या सॉफ्टबॉक्समधून, जोडप्याला लांबून उजळायला खरंच उपयोगी आहे, यात वाद नाही. पण कास पठारावर वाऱ्यात अडीच किलोहून जड दिवा स्टँडवर चढवला की तो धरायला एक माणूस लागतो आणि त्याची मजुरीही लागते. 200 वॉट-सेकंदांचा दिवा अडीच मीटरवरून दीड मीटरवर आणला तर शक्तीतला फरक जवळजवळ भरून निघतो. फ्रेम जरा घट्ट घ्यावी लागते, एवढंच. हॉलमध्ये आणि मांडवात तुमचे आत्ताचे दोन स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारे छोटे फ्लॅश) पुरतात, हे तुम्हीच लिहिलंय. राहिली प्री-वेडिंग, वर्षाला 9. तुम्ही दिलेल्या दराने हाच सेट दिवसाला दीड हजाराने भाड्याने मिळतो, म्हणजे वर्षाचे साडेतेरा हजार. 95 हजार वसूल व्हायला 7 वर्षं लागतील. या सीझनला भाड्याने आणा. ईएमआय ‘नो-कॉस्ट’ असला तरी त्यातल्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी लागतेच, शिवाय रोखीची सूट बुडते.

10 हजार जास्त मिळण्याची आशा तर कागदावर धरूच नका. तुमचं गिऱ्हाईक ड्रोन आहे का, रील किती, अल्बमची पानं किती, हे विचारतं. दिव्याचा नंबर कोणी विचारत नाही. दर वाढवायचा असेल तर भाड्याच्या दिव्यावर काढलेले फोटो दाखवून या सीझनलाच वाढवून बघा. दोन-तीन जणांनी मान्य केला तर खरेदीचं पुन्हा बोलू.

प्लग-इनबद्दल माझं मत वेगळं आहे. त्यातली दोन मला पटतात. लग्नामागे अल्बमचे 150 फोटो धरले तर वर्षाला 3300 होतात, आणि बाहेर रिटचिंगला फोटोमागे 15 रुपये, म्हणजे 50 हजारांच्या आसपास. त्यातलं निम्मं काम घरी झालं तरी 25 हजार वाचतात. पण त्यासाठी त्वचेचं आणि डॉज-बर्नचं (फोटोतला उजेड-सावली कमीजास्त करणारं) अशी दोनच लागतील, जी तुम्ही सांगितल्याप्रमाणे सुटी 18 हजारांना मिळतात. संचातलं नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, काढणारं प्लग-इन तुम्हाला कशाला? तुम्ही लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरची वर्गणी भरताच, आणि त्यात एप्रिल 2023 पासून एआय डिनॉइज आहे.

‘लाइफटाइम’ या शब्दावर पैसे मोजू नका. निक कलेक्शन हा प्लग-इनचाच संच. तो बनवणारी कंपनी 2012 मध्ये गुगलने घेतली, संच मार्च 2016 मध्ये फुकट वाटला आणि 2017 मध्ये डीएक्सओ या कंपनीला विकला. पुढच्या सुधारित आवृत्त्यांना पुन्हा पैसे पडू लागले. आज घेतलेलं प्लग-इन नव्या फोटोशॉपबरोबर चालेल तितकंच तुमचं. म्हणून 3 वर्षांच्या वर आयुष्य धरू नका. 18 हजार 3 वर्षांत सहज निघतात, 60 हजारांबद्दल तसं म्हणता येत नाही.

घेण्याआधी ट्रायल उतरवा आणि गेल्या सीझनचे हळदीचे फोटो त्यात घाला. हळदीने माखलेल्या चेहऱ्याचा रंग टिकतो का, मुंडावळ्यांची कपाळावरची सावली डाग समजून पुसली जाते का, आणि तुमच्या कॉम्प्युटरला एका फोटोला किती वेळ लागतो, ते पाहा. वेळ जास्त लागत असेल तर 18 हजारही थांबवा. रविवारची ऑफर गेली तर जाऊ दे.

पॉलिसीचे पैसे परत आले की त्यातून आधी टर्म आणि तिघांचा आरोग्य विमा घ्या. दोन्ही मिळून साधारण 35 हजार लागतील, आणि वैयक्तिक पॉलिसींवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही नाही. टर्मचा अर्ज मात्र परताव्याची वाट न पाहता याच आठवड्यात करा. बाकीची सगळी रक्कम ॲडव्हान्सच्या खात्यात परत टाका, ती तिथलीच आहे. प्लग-इनचे 18 हजार तुलसी विवाहानंतरच्या पहिल्या दोन लग्नांच्या मजुरीतून काढा. कॅमेरा आणि लेन्सचा चोरी-अपघाताचा विमा नसेल तर त्याचाही दर काढून मला कळवा, पण आधी शाखेत जाऊन पोचेचा शिक्का घेतलेल्या अर्जाचा फोटो पाठवा.