देवळाची पावती नाही, म्हणून घराचा उतारा नाही?

प्रश्न : गावात ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार चालू आहे. ग्रामसभेने ठराव करून घरटी 5000 रुपये वर्गणी लावली. मी दर वर्षी जत्रेला ऐपतीप्रमाणे देतो, पण सक्तीने देणार नाही म्हणून सांगितले. आता कर्जासाठी घराचा नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतली घराची नोंद) मागितला, तर ग्रामसेवक म्हणतात, "आधी देवळाची पावती दाखवा." घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली आहे. नळ तोडू, वाळीत टाकू, असेही कानावर येते. मी नास्तिक नाही. मग धर्मस्वातंत्र्याचे कलम मला लागू पडते का?

उत्तर : पडते. राज्यघटनेच्या कलम 25 मधले स्वातंत्र्य देव मानणाऱ्याला आहे तसे न मानणाऱ्यालाही आहे, आणि देवाला काय द्यायचे हे आपल्या मनाने ठरवणे त्यातच आले. तरीही तक्रारीची सुरुवात तिथून करू नका. "हा देवाच्या विरोधात आहे" असे म्हणायला समोरच्यांना आयते निमित्त मिळेल आणि गावभर तेवढेच फिरेल. पैशाच्या हिशेबावर बोट ठेवा.

कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कुठलाही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 265 सांगते. ग्रामपंचायतीला कोणते कर लावता येतात, त्याची यादी 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 मध्ये आहे. घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे, यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा-उत्सवांवरचाही आहे. मंदिराचा जीर्णोद्धार त्यात नाही. अख्ख्या ग्रामसभेने हात वर केले तरी तो त्यात येत नाही.

समजा, उद्या कायदा करून असा कर लावलाच, तर राज्यघटनेचे कलम 27 आडवे येईल. ज्या कराचे उत्पन्न एखाद्या धर्माच्या किंवा पंथाच्या संवर्धनासाठीच राखून ठेवले आहे, तो भरण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही. मात्र या कलमाला मर्यादा आहे. हज अनुदानाच्या खटल्यात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कराच्या उत्पन्नाचा मोठा भाग एका धर्मासाठी वापरला तर कलमाचा भंग होईल, तुलनेने किरकोळ खर्चाने होणार नाही. तेव्हा "जत्रेला पंचायतीने टँकर का लावला" असले मुद्दे अर्जात घुसडू नका. पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता हे पंचायतीचे कामच आहे, आणि अशा मुद्द्यांनी अर्ज नुसता पातळ होतो.

शेजाऱ्यांनी भरलेली पावती जरा बघून घ्या. देवस्थान ट्रस्टच्या पावतीपुस्तकातली असेल तर वर्गणी मागायला हरकत नाही, देणे तुमच्या मर्जीवर. नोंदणी नसलेली नुसती समिती असेल, तर गणेश मंडळे घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी तिने घेतली आहे का ते विचारा. आणि पावतीवर ग्रामपंचायतीचा शिक्का असेल तर तिचा फोटो जपून ठेवा. तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच.

आता उतारा. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, भरलेल्या पट्ट्यांच्या पावत्या जोडा आणि पोच घ्या. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे लागते. "देवळाची पावती नाही" हे सहीनिशी लिहून द्यायला सहसा कोणी धजत नाही. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात. नाहीच मिटले, तर 30 दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, त्यानंतर लोकसेवा हक्क आयोग. विनाकारण अडवणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

भरलेल्या पट्टीचा नळ वर्गणीसाठी तोडता येत नाही. तोडलाच तर गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करा, आणि तिथे दाद लागली नाही तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालय आहे.

वाळीत टाकण्याचे म्हणाल, तर एखादा चुलता बोलेनासा झाला एवढ्याने गुन्हा होत नाही. पण भावकीने किंवा जातपंचायतीने ठरवून व्यवहार तोडले, तर 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कोण, कुठे, कोणासमोर बोलले ते तारखेनिशी लिहून ठेवा.

ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल मात्र माहिती अधिकारात आजच मागा. उताऱ्याचा अर्ज दिल्यावर मागितली, तर इतिवृत्तात 'सक्तीची' चे 'ऐच्छिक' झालेले असेल.