“आमच्याकडे तशी नोंद नाही” म्हणाले ना? मग हे वाचा

सांगलीकर, तुमची पोस्ट वाचली आणि जुनी ठसठस पुन्हा सुरू झाली. वाईच्या पश्चिमेचा गड, पाऊस ओसरताना गेलात, कड्याखालच्या वाटेवर ताजे धोंडे, त्यातच वरून एक सुटला आणि मित्राच्या नडगीवर बसला. दुसऱ्या दिवशी सरकारी कार्यालयात फोन केला तर साहेब म्हणाले, “आमच्याकडे तशी नोंद नाही.” आता दिवाळीत पुन्हा जावं का, कळवायचं कुणाला आणि विम्याचं काय, असे तुमचे प्रश्न. वर तुमच्यातला एकजण त्याच कड्यावर दोर लावून चढायचं म्हणतोय.

हेल्मेट, बूट, प्रथमोपचार यावर मी बोलत नाही. सांगलीहून एवढ्या लांब येऊन डोंगर चढणाऱ्याला ते ठाऊक असतं. विम्यापासून सुरू करतो, कारण आम्ही पोळलो ते तिथेच. मी वकील नाही, विमा एजंटही नाही. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा.

आमचाही गड तिकडचाच, नाव सांगत नाही. पायथ्याला प्रवेशशुल्क घेतलं, रीतसर पावती दिली. उतरताना घळीच्या तोंडाशी वरून दगड आले आणि सोबत्याचा घोटा मोडला. वाडीतल्या लोकांनी बांबूला घोंगडी बांधून त्याला खाली आणला. दवाखान्यात पोचल्यावर गडबडीत कुणीतरी सांगितलं आणि केसपेपरवर ओळ उमटली : ‘ट्रेकिंग करताना पडून दुखापत’. पडला नव्हता हो तो! उभा होता, दगड येऊन लागला. पण त्या एका ओळीवर विमा कंपनीने ‘साहसी खेळ’ म्हणून दावा फेटाळला.

म्हणून पहिली गोष्ट. तुमच्या मित्राचा केसपेपर आजच काढून वाचा. ‘चालत्या वाटेवर वरून दगड पडून इजा’ असं त्यात नसेल तर डॉक्टरांना भेटा, घडलं ते सांगा आणि दुरुस्तीची नोंद त्यांच्या सही-शिक्क्यानिशी करून घ्या. डिस्चार्ज झाल्यावर हे फार जड जातं.

आता ते कार्यालय. नाव, खातं काही लिहीत नाही, तुम्हीही इथे विचारू नका. आम्हाला त्यांच्याकडून एवढंच लिहून हवं होतं की अमुक तारखेला अमुक वाटेवर दगड पडले. भरपाई मागितली नव्हती, कुणावर ठपकाही नव्हता. साहेब फिरतीवर. मग साहेब मीटिंगला. मग साहेब आले, नकाशा पसरला आणि म्हणाले, “ही वाट आमच्या नकाशावर नाही. जी वाटच नाही, तिच्यावर दरड पडल्याचं आम्ही कसं लिहून देणार?” पावती पुढे केली, तर म्हणे ती गडाची आहे, वाटेची नाही. म्हणजे पैसे भरून गडावर आम्ही उडत जायचं होतं! अर्ज ठेवून घेतला, पण आवक क्रमांक द्यायला बाई तयार नाहीत, कारण ‘विषय आमचा नाही’. पुढच्या खेपेला तो अर्जच टेबलावर नव्हता. राव, हाड जुळलं, पण त्या टेबलांच्या फेऱ्या अजून डोक्यातून जात नाहीत.

तेव्हा तोंडी काही बोलू नका. अर्ज हातात देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. देत नसतील तर वाद न घालता बाहेर येऊन स्पीड पोस्टाने पाठवा. राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार टाका, तिथे टोकन क्रमांक तरी मिळतो. मग माहितीचा अधिकार. आपल्याकडे अर्ज दहा रुपयांत होतो, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाहीतर पहिलं अपील. प्रश्न ‘का’ने सुरू करू नका, ‘का’ला उत्तर देत नाहीत. सरळ मागा : या गडाच्या वाटांवर दगड किंवा दरड पडल्याच्या गेल्या पाच वर्षांतल्या नोंदींची प्रत. आम्हाला उत्तर आलं, ‘सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’. हसू नका, तो कागदसुद्धा फाइलला लावा.

शेवटी उपयोगी पडलं भलतंच. वाडीतले लोक त्याच वाटेने दुधाची किटली घेऊन खाली उतरतात, गुरं वर नेतात. ग्रामपंचायतीने लेटरहेडवर लिहून दिलं की ही गावाची जुनी वहिवाटीची वाट आहे, आणि त्या दिवशी दगड पडले ते गावकऱ्यांनी पाहिलं. ते पत्र, प्रवेशाची पावती आणि ठिकाण-वेळ दिसणारे फोटो घेऊन पुण्याच्या विमा लोकपालाकडे गेलो. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते आणि त्यांनी नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ही मुदत चुकवू नका. रक्कम पूर्ण नाही मिळाली, पण ‘साहसी खेळ’ हा शिक्का पुसला गेला. तुम्ही मात्र दोर लावून, कातळात बोल्ट ठोकून चढताना दगड लागला असता तर ‘ही गावाची चालती वाट’ हा युक्तिवाद बहुतेक चालला नसता, हे लक्षात ठेवा.

कळवायचं कुणाला? माझ्या मते आधी गावाला : पोलीस पाटील, सरपंच, तलाठी. मग जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १०७७ वर. जखमी वर अडकला असेल तर ११२, आणि सोबत स्थानिक रेस्क्यूवाले. आपल्या भागात महाबळेश्वर ट्रेकर्ससारखी मंडळी वर्षानुवर्षं दऱ्यांत उतरतायत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ‘भूस्खलन’ नावाचं ॲपही आहे, २०२४ मध्ये आलं. त्यावर दरडीची माहिती टाकता येते. कार्यालयात त्याला कागद म्हणून किती वजन मिळेल ते सोडा, कुठेतरी तारीख तर पडेल.

इथे थोडं न्यायाने बोलायला हवं. जुलै २०२१ मध्ये आपल्याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे घरांवर डोंगर आला, माणसं गेली. यंत्रणेने आधी वस्त्या आणि रस्ते बघावेत, यात वाद नाही. यवतेश्वर घाटात दरड आली की जेसीबी येतोच, कारण रस्त्याला मालक असतो. गडाच्या वाटेला मालक नाही, एवढंच दुखणं आहे. अभयारण्यात बरं असतं. वासोटा गडाला वनखात्याची परवानगी, बामणोलीहून बोट. पावसाळ्यात बंद म्हणजे बंद, बोटच सुटत नाही.

आमच्या गडाखाली पुढे एक फलक लागला : ‘पुढे जाण्यास सक्त मनाई. आदेशावरून.’ कारण नाही, तारीख नाही, कुठपर्यंत मनाई तेही नाही. असा फलक पहिल्या महिन्यात लोक वाचतात, दुसऱ्यात त्याला टेकून फोटो काढतात. वाट बंद करायला माझा विरोध नाही, ती किती दिवसांसाठी आणि कोण बघून उघडणार तेवढं लिहा.

नोंद कशी ठेवतात ते बघा. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात १८५७ पासून २०११ पर्यंतच्या ९२५ दरडींची यादी छापलेली आहे. २०१५ च्या जुलैत तिथल्या हाफ डोम नावाच्या कड्याच्या भिंतीवरून मोठा पापुद्रा निखळला, कुणी पडताना पाहिला नाही. चढायला गेलेल्यांना मार्गाचा तुकडाच गायब दिसला, त्यांनी कळवलं आणि नोंद झाली. त्यांचा ग्रॅनाइट, आपला बेसाल्ट. माझी तुलना दगडाची नाही, नोंदवहीची आहे. तिथलीच आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची. २७ सप्टेंबर २०१७ ला एल कॅपिटान कड्यावरून दगड पडून एक गिर्यारोहक गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भागातून त्याहून मोठी दरड आली. ‘सुटायचे ते सुटले, आता कडा मोकळा झाला’ असं तुमच्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय, त्यावर विसंबू नका.

आता दिवाळी. पाऊस थांबला की दगड थांबतात, हा समज सोडा. आपला सह्याद्री थरांचा. कातळाच्या दोन थरांमध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. पाणी त्याच्याशी येऊन थबकतं, माती सुटते आणि वरच्या कातळाचा आधार जातो. महाबळेश्वर-पाचगणीकडे माथ्यावर जांभा, तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे खालचे पाझर पाऊस गेल्यावरही चालू राहतात. उन्हं तापली की भेगांतली माती सुकून आकसते आणि अडकलेले दगड सैल होतात. वर वानरांची टोळी किंवा शेळ्या असल्या तर मग बोलायलाच नको. आमच्या वेळी आभाळ निरभ्र होतं.

तुम्ही बघितलेल्या धोंड्यांचे फोटो पुन्हा काढून बघा. फुटलेली बाजू स्वच्छ, शेवाळ-बुरशी नसलेली, खाली चिरडलेलं गवत अजून हिरवं, वाटेवरच्या जुन्या दगडांवर पांढुरके ठोकर लागल्याचे व्रण : असं असेल तर दरड ताजी आहे. वर कड्यावर तिची जखम शोधा. ती तांबड्या पट्ट्याच्या लगत असेल आणि खालून पाणी झिरपत असेल तर मी दिवाळीत त्या वाटेला फिरकणार नाही. तुम्हाला सुटी मिळालीय हे डोंगराला ठाऊक नसतं.

दोर लावून चढणाऱ्या मित्राला माझा निरोप : यंदा नको. जायचंच म्हटलं तर आधी प्रत्येक पकड हातोडीने ठोकून बघ, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर सोड. जुन्या बोल्टभोवतीचा कातळही तसाच तपास, बोल्ट चकचकीत असून उपयोग नाही. खालून दोर धरून सांभाळणारा (बिले देणारा) चढणाऱ्याच्या बरोबर खाली नको, बाजूला आडोशाला हवा. आणि दोरावरून उतरून (रॅपल) झाल्यावर दोर खाली ओढताना सगळ्यांनी लांब व्हायचं. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त दगड तेव्हाच आलेत, आणि तोवर अर्ध्यांनी हेल्मेट काढून डबे उघडलेले असतात.

दिवाळीत बाहेर पडायचंच असेल तर चंदन-वंदन करा. जोडगड आहेत, मधल्या खिंडीतून दोन्ही होतात आणि मित्राचा पाय साथ देत नसेल तर त्याला खिंडीत बसवता येतं. फक्त शेकोटी, अगरबत्ती, अत्तर काही नको, आपल्या कड्यांना आग्यामोहळं असतात. आणि तो केसपेपर सोमवारी नाही, आजच काढा.