उत्तर: ओघम दगड वाचता येत नाहीये, दुसरा तर सापडलाच नाही

तुमची पोस्ट वाचली आणि अगदी आमचीच गोष्ट आठवली. आयर्लंडच्या केरी कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) डिंगलजवळ बॅलिनटॅगर्टला ओघम दगड (धारेवर रेघा-खाचा कोरून जुन्या आयरिशमध्ये नावं लिहिलेले) बघायला गेलात, फोटो काढले, नेटवरच्या तक्त्याशी एक अक्षर जुळेना, आणि यादीतला दुसरा दगड शेतात नव्हताच. दोन्हीची कारणं वेगवेगळी आहेत. (मी पुरातत्त्ववाला नाही, आयटीत आहे, कॉर्कला राहून नाद लागलाय एवढंच, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.)

आधी न सापडलेला दगड, कारण त्यावर माझा जास्त राग आहे. आई-बाबा सांगलीहून आले होते, त्यांना एक तरी दगड त्याच्या मूळ जागी उभा दाखवायचा म्हणून मी आधीच एका ऑफिसला मेल टाकला होता. नाव घेत नाही, पण कामच त्यांचं हे. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, गावाचं नाव, ग्रिड नंबर, सगळं व्यवस्थित. गेलो, पाऊस, गुडघाभर गवत, बाबांचे बूट चिखलात, आणि शेतकरी ट्रॅक्टर थांबवून म्हणतो की अहो तो दगड माझ्या आजोबांच्या वेळीच नेला इथून! ऑफिसला कळवलं तर म्हणे आमच्या नोंदीत सापडल्याची जागा असते. मग आता कुठे आहे? ते दुसऱ्या खात्याला विचारा. दुसरं खातं म्हणालं कौंटीला विचारा, कौंटीनं परत पहिल्याच ऑफिसचा पत्ता दिला. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव आणि जमीन कधीच विकलेली, तसला प्रकार. एक ओळ "सध्या इथे नाही" अशी लिहायला काय जातं यांचं? आई-बाबांचा अख्खा दिवस गेला तो गेलाच.

तर हे दगड हललेले असतात हे धरूनच चला. कित्येक तर मध्ययुगातच लोकांनी उचलून भुयारांच्या छताला वापरले. केरीतच डन्लोला आज जे ८ रांगेत मांडलेत त्यातले ७ कूलमागॉर्टच्या तशाच भुयारातून काढलेले, आठवा किलबोननहून आणलेला. १९४५ साली मॅकॅलिस्टर नावाच्या अभ्यासकानं जी यादी केली तिचे नंबर अजून वापरतात, पण त्यातल्या गावाच्या नावावर गाडी काढू नका. सरकारी पुरातत्त्व नकाशा ऑनलाइन आहे, त्यात दगडावर क्लिक करून खालचं वर्णन शेवटपर्यंत वाचा, हलवल्याचं बहुतेक वेळा तिथेच बारीक अक्षरात असतं.

आता वाचनाचं. तुमचा तक्ता हस्तलिखितांवरून केलेला आहे, मध्ये आडवी रेघ, वर-खाली काड्या, अक्षरं २५, शेजारी झाडांची चित्रं. दगडावर ती रेघ नसते, दगडाची धारच रेघ, आणि मूळ अक्षरं २०. (झाडांचं फार मनावर घेऊ नका, थोड्याच अक्षरांची नावं नक्की झाडांची आहेत, बाकी गिफ्ट शॉपची हौस. टॅटू काढणार असाल तर तुमची मर्जी.) आणि बॅलिनटॅगर्टचे दगड समुद्रानं घासलेले गोल गोटे, त्यांना धारच नाही, म्हणजे धार मनात धरावी लागते. सुरुवातीलाच सगळ्यात अवघड जागी गेलात तुम्ही!

सुरुवात खालून, धारेनं वर चढायचं, लांब असेल तर डोक्यावरून पलीकडे उतरायचं, आणि उतरताना डावं-उजवं उलटतं हे लक्षात ठेवा. सगळं वाचायच्या मागे लागू नका, फक्त 'मॅकी' शोधा, म्हणजे 'च्या मुलाचा'. बहुतेक दगड 'अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा' एवढंच सांगतात. खूण अशी: धारेला तिरकी छेदणारी १ लांब रेघ, मग धारेवरच १ खाच, मग डाव्या अंगाला ५ रेघा, मग ५ खाचा. ती सापडली की आधीचं नाव मुलाचं, नंतरचं बापाचं. स्वर म्हणजे नुसत्या खाचा, आणि झिजायला सगळ्यात आधी धारच झिजते, त्यामुळे ४ खाचा (ए) की ५ (आय) यावर तज्ज्ञही भांडतात, तुम्हाला नाही कळलं तर वाईट वाटून घेऊ नका.

भर दुपारच्या ढगाळ उजेडात काहीही दिसत नाही. संध्याकाळी टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं मारा, रेघा उठून येतात. गडावरच्या शिलालेखाला पीठ किंवा खडू चोळायची आपल्या ट्रेकर मंडळींची सवय इथे अजिबात नको, ही संरक्षित स्मारकं आहेत. आणि फाटक जसं असेल तसंच ठेवा, बंद तर बंद, शेतात बैल असतो.

घरी आल्यावर डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीजचं 'ओघम इन थ्रीडी' उघडा, दगड फिरवून बघता येतो, वाचनही दिलेलं असतं, फुकट आहे. पण माझं ऐकाल तर केरीला परत जायच्या आधी युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कचा स्टोन कॉरिडॉर करा. २८ दगड, डोक्यावर छप्पर, तिकीट नाही, आणि सगळे जिथे सांगितलेत तिथेच आहेत.