उस्तादांची पेटी रॉकेलमध्ये बुडवण्याआधी

भाऊ, तुमचे मिस्त्री उस्ताद गेले, काकूंनी त्यांच्या हत्यारांच्या दोन पत्र्याच्या पेट्या आणि जुन्या गाड्यांच्या पार्टची एक गोणी तुमच्या गॅरेजवर पाठवली, भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला, आणि आता काय ठेवू, काय विकू, गंज कसा काढू, असं तुम्ही विचारलंय. गंजाचं शेवटी बघू. आधी त्या भंगारवाल्याला महिनाभर फिरकू नको म्हणून सांगा.

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी फार हुशारी केली होती. कोल्हापुरात उद्यमनगरात ज्यांच्या हाताखाली पाने पुसत शिकलो, ते मिस्त्री गेले आणि त्यांची पेटी माझ्याकडे आली. एका रविवारी मी सगळा माल रॉकेलच्या ट्रेमध्ये टाकला. संध्याकाळपर्यंत सगळं चकचकीत झालं, आणि ट्रेच्या तळाशी चिठ्ठ्यांचा लगदा! मिस्त्री शिमांच्या, म्हणजे फट भरायच्या पातळ चकत्यांच्या पुड्यांवर जाडी आणि गाडी पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. नंतर एकेक शिम मायक्रोमीटरवर धरून मोजत बसलो. जाडी कळली, कुठल्या गाडीची ते नाही कळलं. म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढा. पेटीतल्या कप्प्यात जे जसं आहे तसं. पान्यांवर रंगाचे ठिपके असतील तर तेही. उस्तादांनी ते हौसेखातर दिलेले नसतात.

आता पाने. तुम्ही नव्या गाड्यांवर शिकलेले, त्यामुळे मिलिमीटर सोडून बाकीचं भंगार वाटणार. तसं नाही. पद्मिनी गाडीला मिलिमीटरचेच पाने लागतात, पण अ‍ॅम्बॅसडर आणि जीपचं बरंचसं काम इंचाच्या पान्यांवर चालतं. त्यातही दोन जाती. साध्या इंची पान्यावरचा आकडा म्हणजे त्याच्या तोंडाचं माप. तीन सुताचा पाना, म्हणजे ३/८, साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास भरतो. पण आकड्यापुढे डब्ल्यू असेल तर तो व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नव्हे. तोच ३/८ तिथे १८ मिलिमीटर भरतो. या दोन जाती एका डब्यात टाकल्यात तर कुठला तरी नट गोल करणारच. व्हिटवर्थचा पूर्ण सेट निघाला तर फुंकून टाकू नका, जुनी बुलेट सांभाळणारा हात जोडून नेईल.

काही नट बोल्टवर चढणारच नाहीत. आटे गेलेत म्हणून फेकण्याआधी उलटे फिरवून बघा. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असायचे.

आणि वाकडीतिकडी लोखंडं. मधोमध कापलेला रिंग पाना, गॅसवर तापवून वाकवलेला तेराचा पाना, टोक घासलेली सळई. यातलं एकही टाकू नका, उपयोग कळला नाही तरी. मी तसला एक वाकडा पाना भंगारात घातला आणि वर्षभरानं पद्मिनीच्या कार्ब्युरेटरखालचा नट सोडवताना हात अडकवून बसलो, तेव्हा लख्ख आठवलं की मिस्त्री तो नेमका कशाला वापरायचे. तसाच दुसरा वाकवून घेतला, पण तो कोन काही जमला नाही. पेटीत गिअरबॉक्सचा जुना इनपुट शाफ्ट एकटाच पडला असेल, तर तो क्लच प्लेट मधोमध बसवायला ठेवलेला आहे. रीमर, म्हणजे भोक मापात आणायची धारदार हत्यारं, सापडले तर एकेक वेगळ्या कापडात गुंडाळा. किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे बुश त्यांनीच मापात येतात, आणि धार एकमेकांवर आपटून गेली की परत येत नाही.

गोणीत हात घालताना जोड्या मोडू नका. क्राउन आणि पिनियन, म्हणजे मागच्या धुऱ्यातली दातेरी चाकं, जोडीनंच घासून तयार झालेले असतात, दोन्हीवरचे नंबर जुळवून तारेनं एकत्र बांधा. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप, एसयू कार्ब्युरेटरचा पिस्टन आणि वरची घंटा, यांचंही तसंच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण महत्त्वाची. मिस्त्रीच्या पेटीत सगळं मिस्त्रीचं नसतं. दुरुस्तीला आलेला डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, कुणी उद्या नेतो म्हणून ठेवलेला डायनॅमो, हे त्यात असणारच. काकूंकडे उधारीची वही असेल तर ती मागून घ्या आणि नावं जुळवा. विकायचं ठरलं तर काय किती विकलं हे काकूंना सांगून करा. त्यांनी पैसे नको म्हटलं तरी.

भावाचं म्हणाल तर फार आशा धरू नका. अ‍ॅम्बॅसडर २०१४ साली बंद झाली, मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. टॅक्सीवाले होते तोवर पॉइंट, पॅकिंग, वॉटर पंप रोज खपत. आता गिऱ्हाईक हौशी, आणि त्याला हवा असतो मीटर, दिव्याची काच, क्रोमची पट्टी. रबराचा माल मात्र बंद पाकिटातला असला तरी गाडीला लावू नका. ब्रेकचे जुने कप वरून कोरे दिसतात, आतून कडक झालेले असतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

आता गंज. हलका असेल तर डिझेल आणि तारेचा ब्रश पुरे. जाम झालेल्या पकडी, पाने यांना धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बॅटरी चार्जर लावा. हत्यार निगेटिव्हला, भंगारातली लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला. स्टेनलेसची पट्टी अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे उघड्यावर करा, त्यात हायड्रोजन सुटतो. स्प्रिंगा आणि मायक्रोमीटर यात बुडवू नका.

गोणीतल्या त्या क्राउन-पिनियनचे दात मोजून आकडा कळवा. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाची अ‍ॅम्बॅसडर दिवाळीपासून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी आहे.