अंगणवाडी सोडू का गोळ्या सोडू?

आतड्याच्या सुजेवर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं की पहिल्या-दुसऱ्या भेटीतच हा प्रश्न येतो: 'आता मी माणसांत जायचंच नाही का?' अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते, म्हणून अॅझाथायोप्रिनसारख्या गोळीनं तिला आवरावं लागतं. मग बाहेरच्या जंतूंशीही ती जरा कमी जोरानं लढते, हे खरंच आहे. पण माझ्या अनुभवात भीती बहुतेकदा भलत्याच जागी जाऊन बसते. परभणी जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचंच बघा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नवऱ्याला घेऊन आली होती. तोंडावर मास्क, त्यावर पुन्हा पदर. "मॅडम, माझ्याकडं लेकरं हायेत, निम्मी तर कायमची शेंबडी. ह्या गोळ्यानं अंगातली ताकद जाती म्हणं. मग नोकरी सोडू का गोळ्या?"

"गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारलं.

ती नवऱ्याकडं बघायला लागली. मग पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पहिल्या पट्टीतल्या चार-पाच गोळ्या फोडलेल्या, बाकीच्या पट्ट्या जशाच्या तशा, रबर लावून ठेवलेल्या. "डॉक्टर वरडतील म्हणून सांगितलं नाही वो."

मी वरडले नाही, हिशोब सांगितला. गोळी बंद केली की आजार उसळतो, संडासातून रक्त जायला लागतं आणि मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड द्यावं लागतं. जंतुसंसर्गाचा सगळ्यात मोठा धोका असतो तो या मोठ्या डोसातल्या स्टेरॉईडचा आणि न आवरलेल्या आजाराचा. म्हणजे जंतूंच्या भीतीनं गोळी सोडणारा माणूस फिरून जंतूंच्याच तावडीत सापडतो. तिचंही तेच झालं होतं. त्या वेळी तिला स्टेरॉईड चालू होतं आणि डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनचा विचार करत होते.

मग मी घराची चौकशी केली. अंगणवाडीपेक्षा घरातच जास्त सापडतं. कोण कोण राहतं, पाणी कुठलं, खोकला कुणाला? नवरा सहज म्हणाला, "बाबाला हाय, पण तो बिडीचा. दिवाळीपासून चालूच हाय." सासरे त्याच खोलीत झोपत होते. पोरांच्या शेंबडाला भिऊन ती दोन-दोन पदर लावत होती आणि रात्रभर शेजारी खोकला चालला होता!

दोन आठवड्यांवर गेलेला खोकला बिडीचा असो नाहीतर धुळीचा, बेडका तपासलाच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं. सासऱ्यांना टीबी निघाला. सुदैवानं हिचा छातीचा एक्स-रे साफ होता, पण रक्ताच्या तपासणीत टीबीचा जंतू अंगात दबून असल्याची खूण मिळाली. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांनी असा दबलेला टीबी डोकं वर काढतो, म्हणून ही तपासणी आधी करतात. स्टेरॉईड चालू असताना टीबीसाठी हातावर टोचून करतात ती मॅन्टू चाचणी निगेटिव्ह आली, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. घरात कुणाला टीबी आहे किंवा होता, हे आपणच डॉक्टरांना सांगायचं. लाजायचं नाही. तिला टीबी टाळण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि महिनाभर त्या घेतल्यावर इंजेक्शन.

अंगणवाडी सोडायची गरज नव्हती. कांजिण्या आलेलं लेकरू घरी पाठवायचं, आणि आपल्याला लहानपणी कांजिण्या झाल्या नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो, म्हणून डोस पाजायचं आणि लेकरांची शी धुवायचं काम दुसरीकडं द्यायचं, आपले हात साबणानं धुवायचे. ती लगेच म्हणाली, "मदतनीस हाय की." तिच्या स्वतःच्या लसींचं म्हणाल तर फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकलची आणि तपासून हिपॅटायटिस बीची, अशी इंजेक्शनं या औषधांत चालतात. गोवर-रुबेलाची किंवा कांजिण्यांची जिवंत लस मात्र चालत नाही.

पाणी टँकरचं, प्लास्टिकच्या टाकीत साठवलेलं. खळखळून उकळायचं, झाकून ठेवायचं आणि हात न बुडवता ओगराळ्यानं घ्यायचं. कच्चं दूध नको, रसवंतीतला बर्फ नको.

सगळ्यात जास्त वेळ मी तापावर घालवला. गावाकडं अंग तापलं की सुई टोचून घेतात. त्या सुईत काय असतं हे कुणी विचारत नाही. कधी स्टेरॉईड असतं, कधी डायक्लोफिनॅकसारखं दुखणं मारणारं औषध, आणि त्यानं आतड्याचा आजारही भडकू शकतो. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सुई नाही, वाट बघणं नाही, आपल्या डॉक्टरांना फोन. काही दिवस गोळी थांबवायची का, ते डॉक्टर ठरवतील. स्टेरॉईड तर आपल्या मनानं एकदम कधीच बंद करायचं नाही. जुलाब वाढले तरी आजार उसळलाय असं धरून चालायचं नाही, जंतूंमुळेही वाढतात. म्हणून आधी शौचाची तपासणी.

अॅझाथायोप्रिन पुन्हा सुरू झालं तेव्हा सुरुवातीला रक्त वरचेवर तपासलं, पुढं दर तीन महिन्यांनी. आपल्याकडच्या काहींच्या पांढऱ्या पेशी जनुकीय कारणानं या गोळीवर झपाट्यानं उतरतात, आणि त्याआधी किंवा त्याच सुमारास बरेचदा मुठीनं केस गळतात. केस गळाले तर तेल बदलत बसू नका, फोन करा, असं मी तिला बजावलं होतं. तिचे गळाले नाहीत.

आता ती दर आठ आठवड्यांनी इंजेक्शनला येते. सासऱ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा झालाय. मागच्या खेपेला तिनं विचारलं, "हुरडा चालतो का वो?" पोट शांत असेल तर निखाऱ्यावरचा गरम, स्वच्छ हातांनी चोळलेला, बेतानं खा म्हणाले. सोबतचं दही घरी विरजलेलं, उकळलेल्या दुधाचं.