दीर्घकालीन आजार टाळण्याच्या संशोधनाने गरीब-श्रीमंतांच्या आरोग्यातली दरी खरोखर कमी होते का?

तुम्ही विचारले आहे की, दीर्घकालीन आजार टाळण्यासाठी एवढे वैद्यकीय संशोधन चालते, त्याचा गरिबांना काही उपयोग होतो का, की शोध लागतात आणि त्यांचा लाभ शहरातल्या ऐपतदार माणसांनाच मिळतो. मी काही वर्षे मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते आणि आता समाजवैद्यकशास्त्र शिकवते. मधुमेह आणि रक्तदाबाबद्दल पुष्कळ लिहिले जाते, म्हणून मी येथे गर्भाशयमुखाचा कर्करोग हा एकच आजार घेते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधणारे दोन फार मोठे अभ्यास याच आजारावर आणि आपल्याच महाराष्ट्रात झाले आहेत.

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग काही स्त्रियांच्या शरीरात टिकून राहतो, त्यातून गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलतात आणि प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. त्या काळात बदल सापडला, तर तो भाग गोठवून किंवा काढून टाकून आजार तेथेच थांबवता येतो. श्रीमंत देशांनी पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या, नियमित तपासणीने हे साधले, परंतु त्या तपासणीसाठी प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो आणि त्या स्त्रीला पुन्हापुन्हा बोलावता यावे लागते. या तिन्ही गोष्टी जेथे नाहीत तेथे हा आजार उरला. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो झाला आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

पहिला अभ्यास मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधला, टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या आणि वस्त्यांचे २० समूह करून, सोडत काढावी तसे, दहा समूह तपासणीसाठी आणि दहा तुलनेसाठी निवडले गेले. तपासणीची पद्धत साधी होती. गर्भाशयमुखाला व्हिनेगरमध्ये असते ते ॲसिटिक आम्ल पाणी मिसळून लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा चट्टा उठतो का ते चांगल्या उजेडात डोळ्यांनी पाहायचे. आरोग्य खात्यात आम्ही तिला व्हीआयए म्हणतो. ही तपासणी डॉक्टरांनी केली नाही, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी केली, दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

या निष्कर्षातली एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम थांबून सांगते. दोन्ही गटांत कर्करोग होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते, फरक पडला तो मृत्यूंत. म्हणजे येथे तपासणीने मुख्यतः आजार होणे टाळले नाही, तर तो उपचार शक्य असताना उघडकीला आणला. गरीब बाई या कर्करोगाने मरते त्याचे मोठे कारण तिचा कर्करोग अधिक घातक असतो हे नव्हे. ती दवाखान्यात पोहोचते तेव्हा उशीर झालेला असतो, हे ते कारण आहे.

दुसरा अभ्यास त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम चालू होते. खेड्यातल्या मृत्यूचे नेमके कारण बहुधा कोठेच लिहिले जात नाही, त्यामुळे असे नोंदणीचे काम पाठीशी नसेल तर हा अभ्यास उभाच राहत नाही. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना त्यात घेतले. खेड्यांचे ५२ समूह चार गटांत वाटले. एका गटाला एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला व्हीआयए, या तपासण्या प्रत्येकी एकदाच, आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि चौथ्या गटात ६४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या साधारण सारखी होती, म्हणजे मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्मे झाले. पॅप स्मिअर आणि व्हीआयए यांच्या गटांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

येथे माझे काही सहकारी असा निष्कर्ष काढतात की व्हीआयए निरुपयोगी आहे, आणि तो मला घाईचा वाटतो. मुंबईत चार फेऱ्यांनी फरक पडला आणि तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात तर परिचारिकांनी केलेल्या एकाच फेरीने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. डोळ्यांनी पाहून ठरवायची तपासणी पाहणाऱ्याच्या सरावावर फार अवलंबून असते. त्यामुळे ती एका ठिकाणी चालते आणि दुसऱ्या ठिकाणी फसते, असे मला माझ्या केंद्रातल्या अनुभवावरूनही वाटते.

धाराशिवच्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा आकडा माझ्या मते वेगळाच आहे. ज्यांची तपासणी निर्दोष आली अशा स्त्रियांपैकी पुढे किती जणींना कर्करोग झाला, हेही त्यात पाहिले गेले. एचपीव्ही चाचणी निर्दोष आलेल्यांत हे प्रमाण वर्षाला दर लाखी ३.७ होते, तर पॅप स्मिअर आणि व्हीआयए निर्दोष आलेल्यांत अनुक्रमे १५.५ आणि १६. जिला आयुष्यात एकदाच गाठता येणार आहे, तिच्यासाठी या फरकाचा अर्थ फार मोठा आहे.

आमच्या भागात अशा एकदाच गाठता येणाऱ्या स्त्रिया हजारोंनी आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाईने मागे राहण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या केंद्राच्या एका शिबिरात चाळिशीच्या आतल्या एका बाईच्या तपासणीत स्पष्ट पांढरा चट्टा दिसला. पुढच्या तपासणीसाठी मी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची चिठ्ठी लिहून दिली आणि माझे काम झाले असे मला वाटले. आठवड्याभरात तिची टोळी निघून गेली. ती पाडव्यानंतर परतली तेव्हा कारखान्याजवळच्या एका खाजगी दवाखान्यात तिची पिशवी काढलेली होती. त्यासाठी मुकादमाकडून आणखी पैसे घेतले होते, आणि काढलेल्या गर्भाशयाचा कोणताही तपासणी अहवाल तिच्याकडे नव्हता. तो चट्टा काय होता हे कळण्याचा मार्गच उरला नाही. ‘बाई, कॅन्सर होईल म्हणाले, मग काय करणार,’ एवढेच ती म्हणाली.

तिची गोष्ट एकटीची नव्हती. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कर्करोगाची भीती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, पण कर्करोगाची तपासणी पोहोचली नव्हती. ज्या जिल्ह्याच्या अभ्यासामुळे जगाला एचपीव्ही चाचणीचे महत्त्व कळले, त्याला लागूनच हा जिल्हा आहे, आणि ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आहे आणि तो तुमच्यापासून लपवणे योग्य होणार नाही. तुलनेच्या गटातल्या हजारो स्त्रियांना वर्षानुवर्षे तपासणी दिली गेली नाही आणि त्यांच्यातल्या काही जणी टाळता येण्यासारख्या मृत्यूने गेल्या. संशोधकांचे म्हणणे असे की तेव्हा भारतात सार्वजनिक तपासणी नव्हतीच, म्हणून नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणे. मला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही, कारण अन्यायालाच मोजमापाची पायरी मानले तर तो अन्याय अभ्यासात मुरून जातो. तरीही मी त्या निष्कर्षांचा आधार घेते, आणि म्हणूनच ज्या स्त्रियांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले त्यांच्यासारख्यांपर्यंत ते पोहोचवण्याची जबाबदारी सरकारवर आणि आम्हा डॉक्टरांवर अधिक आहे असे मानते.

ती किती पार पडली? २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतरच्या, २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या केवळ १.९ टक्के होत्या.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, संशोधनाने दरी कमी होऊ शकते हे सिद्ध झालेले आहे, परंतु तपासणी उपयोगी आहे हे सिद्ध झाल्यावर ती त्या बाईच्या दारात कशी न्यायची याचाही तितक्याच काटेकोरपणे अभ्यास व्हावा लागतो, आणि तेथे आपण कमी पडलो. एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतः घेता येतो, त्यामुळे लाज आणि टेबलावर झोपण्याची भीती हे दोन्ही अडथळे दूर होतात. दोष आढळल्यास त्याच दिवशी तेथेच गोठवण्याचा उपचार करता येण्यासारखी साधनेही आहेत, म्हणजे चिठ्ठी देऊन साठ किलोमीटर दूर पाठवण्याची गरज बऱ्याच जणींना राहत नाही.

त्या बाईच्या अनुभवानंतर आम्ही केंद्राचे शिबिर दसऱ्याच्या आधीवरून वैशाखात नेले. टोळ्या परत आलेल्या असतात, पेरणीला अवकाश असतो आणि जिच्या तपासणीत काही निघेल तिच्यासाठी पुढचे चार-पाच महिने हाताशी राहतात. पहिल्याच वर्षी पुढच्या तपासणीसाठी पाठवलेल्या बहुतेक सगळ्या जणी जाऊन आल्या. काहींबरोबर आशाताई स्वतः एसटीने गेल्या होत्या.